रिव्हर्स कॅमेऱ्याचं वायरिंग स्वतः करताना

रिव्हर्स कॅमेऱ्याच्या वायरिंगमध्ये मुळात तीनच गोष्टी असतात. कॅमेऱ्याला लागणारी वीज, कॅमेऱ्याकडून स्क्रीनपर्यंत जाणारं चित्र, आणि गाडी रिव्हर्समध्ये पडली हे स्क्रीनला कळवणारा इशारा. या तिघांचा माग वेगवेगळा ठेवला, तर पहिल्यांदाच हात घालणाऱ्यालाही हे काम एका सुट्टीच्या दिवसात जमतं. तिघांची सरमिसळ झाली, की सगळं जोडूनही स्क्रीन काळी का, हे शोधायला सगळी पॅनल पुन्हा उघडावी लागतात.

काम मात्र मन लावून करण्यासारखं आहे. मागच्या काचेच्या खालच्या कडेपेक्षा बुटकं जे काही गाडीमागे उभं असतं, ते कोणत्याच आरशात येत नाही. लहान मूल, सायकल, सिमेंटचा खांब, सगळं त्याच पट्ट्यात. अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचं दृश्य दाखवणारी व्यवस्था बंधनकारक झाली. त्या नियमाप्रमाणे बंपरमागचा साधारण ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब पट्टा दिसला पाहिजे, आणि रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र यायला हवं. आपण बाहेरून कॅमेरा बसवतो तेव्हाही हीच दोन मापं डोळ्यांसमोर ठेवावीत. चित्र यायला त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर चालवणारा वाट न बघता गाडी मागे घेतो, आणि मग कॅमेरा असून नसल्यासारखाच.

कॅमेरा घेण्याआधी

आधी स्क्रीन बघा, मग कॅमेरा. ही स्क्रीन ज्यात असते त्या डॅशबोर्डमधल्या स्टिरिओच्या मागच्या बाजूला किंवा त्याच्या माहितीपुस्तिकेत कॅमेऱ्यासाठीचा वेगळा इनपुट शोधा. त्यावर ‘कॅमेरा इन’, ‘कॅम’, ‘आर-कॅम’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि तो बहुतेक वेळा पिवळा, गोल आरसीए जॅक असतो. शेजारी ‘व्हिडिओ आउट’ही तसाच पिवळा असतो. पिन त्यात घातली तर आयुष्यभर चित्र येणार नाही, तेव्हा वाचूनच घाला.

दुसरी गोष्ट सिग्नलच्या प्रकाराची. साधे कॅमेरे कॉम्पोझिट व्हिडिओ (सगळं चित्र एकाच वायरीतून नेणारा साधा अॅनालॉग सिग्नल) देतात आणि त्यात एनटीएससी व पाल असे दोन प्रकार असतात. पहिल्यात ५२५ ओळी आणि सेकंदाला जवळपास ३० चित्रं, दुसऱ्यात ६२५ ओळी आणि २५ चित्रं. बरेच स्टिरिओ दोन्ही ओळखतात, काहींना सेटिंगमध्ये सांगावं लागतं. अलीकडचे ७२० किंवा १०८० ओळींचे एएचडी (अॅनालॉग हाय डेफिनिशन) कॅमेरे मात्र वेगळ्या जातीचे आहेत. पिन तीच, वायर तीच, पण स्क्रीनला एएचडी कळत नसेल तर चित्र अजिबात येत नाही किंवा नुसत्या रेषा फिरतात. म्हणून जास्त स्पष्ट चित्राच्या मोहात पडण्याआधी स्टिरिओला काय चालतं ते पक्कं करा.

तिसरी गोष्ट व्होल्टेजची. बाजारातले बहुतेक कॅमेरे १२ व्होल्टवर चालतात. मोठ्या ट्रक-बसची वीज बहुधा २४ व्होल्टची असते. तिथे कॅमेऱ्यावर ‘१२–२४ व्ही’ लिहिलेलं असल्याशिवाय थेट जोडू नका. गाडीत आधीपासून कंपनीचा कॅमेरा असेल आणि फक्त स्टिरिओ बदलत असाल, तर आणखी सावध राहा, कारण कंपनीचे काही कॅमेरे ६ व्होल्टवर चालतात. त्यांना १२ व्होल्ट दिले की ते तिथल्या तिथे जळतात. अशा वेळी मधे व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर घालावा लागतो.

वायरलेस कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वायर ओढता येत असेल तर वायरच ओढा. ‘वायरलेस’मध्ये फक्त चित्र हवेतून येतं, कॅमेऱ्याला वीज द्यावीच लागते, म्हणजे मागचं निम्मं काम तसंच राहतं. शिवाय यातले बरेच संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असल्यामुळे गर्दीत चित्र अडखळतं. लांब ट्रेलरसारख्या ठिकाणी वायर शक्यच नसते तेव्हा त्यांचा उपयोग आहे, साध्या मोटारीत नाही.

हाताशी काय हवं

मल्टिमीटर हवाच. सुई-दिव्याच्या टेस्टरवर भागवू नका. त्याचा बल्ब करंट खेचतो आणि आजच्या गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटना ते झेपेलच असं नाही. सुईने वायरच्या इन्सुलेशनला पडलेल्या भोकातून पाणी शिरतं ते वेगळंच. याशिवाय पॅनल उचकटायला प्लास्टिकच्या पट्ट्या, वायर सोलायची पक्कड, क्रिम्पिंगची (वायरीवर धातूचं टर्मिनल दाबून बसवायची) पक्कड, हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी), केबल टाय, कापडी वायरिंग टेप, १ किंवा २ अँपिअरचा इनलाइन फ्यूज आणि एक लांब, ताठ, गुळगुळीत टोकाची वायर एवढं जवळ ठेवा. आरसीए केबल विकत घेण्याआधी एक दोरी स्क्रीनपासून कॅमेऱ्यापर्यंत, ज्या वाटेने केबल जाणार आहे त्याच वाटेने फिरवून मापून घ्या. सोबत येणारी ६ मीटरची केबल छोट्या गाडीला पुरते. मोठ्या गाडीत ती मागच्या सीटपाशीच संपू शकते.

केबल घेताना तिच्या दोन्ही टोकांना पिवळ्या पिनेजवळून एक बारीक लाल वायर बाहेर आलेली आहे का ते बघा. ही लाल वायर केबलच्या सोबत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. मागचा रिव्हर्सचा इशारा पुढे आणायला तीच वापरायची. ती नसेल तर वेगळी वायर ओढावी लागते.

कामाला हात घालण्यापूर्वी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. रिव्हर्स लाइट तपासताना गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवावी लागते, म्हणून हे ठोकळे काम संपेपर्यंत काढायचे नाहीत. ही तपासणी नेहमी इंजिन बंद ठेवून, फक्त किल्ली ‘ऑन’वर ठेवून करायची.

प्रत्यक्ष जोड मारताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. काही स्टिरिओ बॅटरी काढल्यावर कोड मागतात. तो आधीच शोधून ठेवा.

पिवळ्या रंगाच्या कनेक्टरना हात लावायचा नाही. ते साधारणपणे एअरबॅगचे असतात. छताच्या कडेने आणि खिडक्यांच्या खांबांत पडदा-एअरबॅग असू शकते, सीटच्या बाजूला वेगळी असू शकते. एअरबॅगच्या पुढून किंवा वरून आपली वायर गेली, तर ती उघडताना आड येते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी जाड केबल दिसल्या, तर त्यांच्या आसपासही फिरकू नका. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

रिव्हर्स लाइटची वायर शोधणं

सगळ्या कामाचा कणा इथे आहे. रिव्हर्स टाकला की गाडी मागच्या पांढऱ्या दिव्याला १२ व्होल्ट देते, आणि आपला कॅमेरा व स्क्रीन दोघेही त्याच विजेवर जागे होतात. ही एक वायर बरोबर सापडली की निम्मी लढाई जिंकली.

आधी किल्ली ऑन करून रिव्हर्स टाका आणि मागे जाऊन बघा, नेमका कुठल्या बाजूचा पांढरा दिवा लागतोय. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स लाइट एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला तशाच खाचेत मागचा फॉग लॅम्प असतो. न बघता चुकीची बाजू उघडून तासभर शोधणारे कितीतरी जण असतात.

दिव्याच्या बाजूचं डिकीतलं अस्तर सोडवा. टेल लॅम्पच्या मागे एक कनेक्टर आणि त्यात चार-पाच, कधी सहा वायरी दिसतील: पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स आणि अर्थ (गाडीच्या धातूला जोडलेली, विजेच्या परतीची वायर). रंगांवर विसंबू नका. कंपनीगणिकच नव्हे, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही रंग बदलतात. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन गाडीच्या उघड्या धातूला, एखाद्या न रंगवलेल्या बोल्टला टेकवा. लाल पिन कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते त्या फटीतून हळूच सरकवा म्हणजे इन्सुलेशन फोडावं लागत नाही.

आता सोबत्याला गिअर बदलायला सांगा. न्यूट्रलमध्ये शून्य, रिव्हर्समध्ये १२ च्या आसपास, पुन्हा न्यूट्रलमध्ये शून्य, अशी वागणारी वायर आपली. एवढ्यावर थांबू नका. रिव्हर्स न टाकता त्याच वायरवर पिन ठेवून ब्रेक दाबायला लावा, दोन्हीकडचे इंडिकेटर, पार्किंग लाइट, धोक्याचे दिवे लावायला सांगा. काटा हलता कामा नये. ही दोन मिनिटं वाचवून कोणी ब्रेक लाइटला जोड मारला, की दर ब्रेकला स्क्रीनवरचा नकाशा जाऊन मागचं दृश्य यायला लागतं.

मल्टिमीटरवर रिव्हर्समध्ये १२ ऐवजी ६, ८ असा विचित्र आकडा दिसला किंवा आकडा सारखा नाचत राहिला, तर गाडी दिव्याला सलग वीज न देता तुकड्यातुकड्यांनी देते आहे असं समजा. एलईडी दिवे आणि कॉम्प्युटरवर चालणारं लाइटिंग असलेल्या गाड्यांत असं होतं. तिथे सरळ जोड चालत नाही, रिले (थोड्या विजेने दुसरी वाट चालू-बंद करणारा स्विच) लागतो. त्याविषयी पुढे सांगतो.

आधी बाहेरच जोडून बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. कॅमेरा, केबल, स्क्रीन सगळं सीटवरून लोंबकळत ठेवूनच तात्पुरतं जोडा. कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्स लाइटच्या वायरला, काळी गाडीच्या धातूला. केबलची मागची बारीक लाल वायरसुद्धा रिव्हर्स लाइटलाच. पुढे पिवळी पिन स्टिरिओत आणि तिथली बारीक लाल वायर स्टिरिओच्या रिव्हर्स इनपुटला. लाल-काळ्याची उलटापालट करू नका, स्वस्त कॅमेऱ्यांना उलट जोडणी सहन होत नाही.

किल्ली ऑन, रिव्हर्स. चित्र आलं? मग कॅमेरा, केबल आणि स्क्रीन तिन्ही निर्दोष आहेत हे कळलं. यापुढे काही बिघडलं तर ते आपल्या जोडण्यांत किंवा वायर ओढण्यात, एवढा शोधाचा परीघ लहान होतो.

चित्राची दिशाही आत्ताच तपासा. सोबत्याला गाडीच्या उजव्या मागच्या कोपऱ्याजवळ उभं करा. स्क्रीनवर तो उजवीकडेच दिसला पाहिजे, आरशात दिसतो तसा. डावीकडे दिसत असेल तर कॅमेरा पुढच्या बाजूसाठीच्या मोडवर आहे. कॅमेऱ्याच्या वायरीतून बारीक वायरीचे एक-दोन छोटे फास बाहेर आलेले असतात. एक कापला की चित्र उलटतं, दुसरा कापला की अंतराच्या रेषा जातात. कोणता कशाचा हे रंगावरून ठरवू नका, कॅमेऱ्यासोबतचा कागद वाचा. कापल्यावर दोन्ही टोकं वेगवेगळी हीट श्रिंकमध्ये झाका, नाहीतर पावसात ती एकमेकांना लागून चित्र मधेच फिरतं.

कॅमेरा कुठे आणि कसा

नंबर प्लेटच्या वरची जागा, गाडीच्या मध्यावर, सर्वात उत्तम. प्लेटच्या स्क्रूवरच बसणारे ब्रॅकेट मिळतात, त्यात पत्र्याला भोक पाडावं लागत नाही. प्लेटचे अंक आणि प्लेटवरचा दिवा झाकला जाणार नाही एवढं बघा. केबल आत न्यायला प्लेटच्या दिव्याची खाच बऱ्याचदा पुरते.

भोक पाडावंच लागलं तर आधी आतून हात घालून मागे काय आहे ते चाचपा. मास्किंग टेप लावून खूण करा, आधी ३ मिलिमीटरचं बारीक भोक, मग मोठं. कडा कानशीने घासून गुळगुळीत करा, उघड्या पत्र्यावर गंजरोधक रंग लावा, तो वाळला की रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारी कडी) बसवा आणि मगच केबल घाला. ग्रोमेट नसलेल्या भोकातून गेलेली केबल डिकी उघडझाप होताना रोज थोडी थोडी कापली जाते. रंग लावायचा कंटाळा केला तर वर्षभरात भोकाभोवती गंजाचं वर्तुळ दिसू लागतं.

कॅमेऱ्यावर ‘आयपी ६७’ असेल तर त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. हे कॅमेऱ्याच्या डबीपुरतं आहे. केबलचा जोड तसा नसतो, म्हणून कॅमेऱ्याचा प्लग नेहमी गाडीच्या आत आला पाहिजे. बाहेरून आत शिरण्याआधी केबलला खाली एक छोटा झोल द्या. पाणी तिथूनच थेंबाथेंबाने गळून जातं, भोकाकडे येत नाही.

डिकीच्या रबरातून वायर काढणं

हॅचबॅक आणि एसयूव्हीमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. डिकीचं झाकण आणि छत यांच्यामध्ये एक घड्यांची रबरी नळी असते, तिच्यातून मागच्या काचेच्या, वायपरच्या आणि दिव्यांच्या वायरी जातात. आपली केबलही तिच्यातूनच गेली पाहिजे. तिला बाहेरून लोंबकळत ठेवणं हा तात्पुरता उपायही नाही. झाकण बंद होताना ती चिमटली जाणारच.

नळीची दोन्ही टोकं पत्र्याच्या भोकात खाचेने बसलेली असतात. प्लास्टिकच्या पट्टीने कड हळूच उचलून दोन्ही टोकं बाहेर काढा. आत एखादी प्लास्टिकची कडी असली तर ती तुटणार नाही असं बघा. मग ताठ वायर छताकडच्या टोकातून घाला आणि झाकणाकडून बाहेर काढा. वायरचं पुढचं टोक दुमडून त्यावर टेप गुंडाळलेली असावी, म्हणजे आतल्या जुन्या वायरींच्या इन्सुलेशनला ओरखडा जात नाही. अडलं तर साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे वापरा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको, रबर फुगून सैल पडतं.

आता आरसीए केबलचं छताकडे जाणारं टोक झाकणाकडे आलेल्या ताठ वायरला बांधा. पिन जाड असते, तेव्हा बांधणी निमुळती करा: पिनच्या मागून सुरुवात करून पुढे वायरवर टेप घट्ट, तिरकी गुंडाळत न्या. सोबती डिकीकडून केबल आत ढकलत राहील आणि तुम्ही छताकडून ओढाल, अशी जोडी लागते. नुसतं ओढून पिन मोडते. अडकली की थोडी मागे घ्या, जराशी फिरवा, पुन्हा ओढा. केबल बाहेर आली की झाकण पूर्ण उघडून आणि पूर्ण बंद करून बघा. दोन्ही स्थितींत नळीत केबल ताणलेली नको. मग नळीची टोकं खाचेत नीट बसवून बोटाने कडेकडेने दाबत जा. एक इंच जरी उचललेला राहिला तरी पहिल्या पावसात छताच्या अस्तरावर डाग उमटतो.

सेडान गाडीत हे सोपं आहे. डिकीच्या बिजागरीच्या दांड्यावर आधीच वायरींचा गठ्ठा असतो, त्यालाच टायने बांधून केबल आत आणायची.

पुढचा प्रवास दाराखालच्या प्लास्टिक पट्टीतून. पट्टी क्लिपांवर बसलेली असते. पट्टीच्या मधोमध जोर न लावता प्रत्येक क्लिपजवळ उचला. मधल्या खांबाच्या बुडाशी सीटबेल्टची यंत्रणा असते, तिच्यावरून केबल नको. अॅम्प्लिफायरची जाड पॉवर केबल एका बाजूने गेली असेल तर आपली केबल दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर चित्रात तिची कुरकुर दिसते. डॅशबोर्डच्या आत शिरताना पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून केबल लांब ठेवून टायने पक्की करा. उरलेली केबल मागच्या सीटखाली सैल वेटोळ्यात ठेवा.

जोड आणि अर्थ

गाडी सतत थरथरत असते. नुसती वायर पिळून टेप लावलेला जोड उन्हाने टेप सुटली की उघडा पडतो. चांगल्या पकडीने केलेला क्रिम्प जोड आणि वर हीट श्रिंक, ही माझी पहिली पसंती. सोल्डर केलेलाही चालतो, पण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होऊन थरथरीने तुटू शकते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर टायने आवळून आधार द्या. दाबून बसवायचे, आतलं पातं वायर कापून शिरणारे निळे-लाल चिमटे मिळतात. डिकीच्या ओलसर कोपऱ्यात मी ते वापरत नाही.

रिव्हर्स लाइटच्या वायरमधून निघालेल्या फाट्यावर, जोडाच्या अगदी जवळ, १ अँपिअरचा फ्यूज घाला. कॅमेरा साधारण ०.१ ते ०.२ अँपिअर घेतो, तर रिव्हर्सचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर. कॅमेऱ्याचा भार गाडीला जाणवतही नाही. फ्यूज यासाठी, की पुढे कुठे आपली वायर घासून पत्र्याला लागली तर गाडीचा फ्यूज न उडता आपला उडावा आणि रिव्हर्स लाइट चालू राहावा.

कॅमेऱ्याची काळी वायर गोल टर्मिनल लावून जवळच्या पत्र्याला बोल्टने बसवा. बोल्टखालचा रंग घासून चकचकीत धातू उघडा करा. प्लास्टिकमध्ये बसलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे. मल्टिमीटरने बोल्ट आणि बॅटरीची निगेटिव्ह तार यांच्यातला रोध बघा. जवळपास शून्य आला पाहिजे.

स्टिरिओची बाजू

स्टिरिओच्या हार्नेसमध्ये (मागच्या वायरींच्या गठ्ठ्यात) रिव्हर्स इनपुटची वायर बहुधा जांभळी, त्यावर पांढरी रेघ अशी असते. अँड्रॉइड स्टिरिओंवर ‘बॅक’ किंवा ‘रिव्हर्स’ असा कागदी टॅग असतो. केबलमधून पुढे आलेली बारीक लाल वायर हिलाच. हलक्या हिरव्या रंगाची वायर हँडब्रेकची असते, तिच्याशी आपलं काम नाही. काही अँड्रॉइड स्टिरिओंना ‘कॅमेरा १२ व्ही’ अशी आणखी एक वायर असते. ती आउटपुट आहे, म्हणजे स्टिरिओ स्वतः कॅमेऱ्याला वीज देतो. तिला रिव्हर्स लाइटची वीज जोडली तर दोन वीजस्रोत समोरासमोर भिडतील. यानंतर सेटिंगमध्ये जाऊन ‘रिव्हर्स कॅमेरा’ चालू करा. कित्येक स्टिरिओंत ते मुळात बंद असतं, आणि लोक त्यापायी वायरी उचकटत बसतात.

चित्र लुकलुकत असेल तर रिले

तुकड्यातुकड्यांनी वीज देणाऱ्या गाडीत साधा चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले वापरा. पिन ८६ ला रिव्हर्स लाइटची वायर, ८५ ला अर्थ, ३० ला किल्लीवर चालू-बंद होणारी फ्यूज घातलेली १२ व्होल्टची वायर, आणि ८७ मधून कॅमेरा व स्टिरिओचा रिव्हर्स इनपुट दोन्हींना वीज. रिव्हर्स लाइट आता फक्त रिलेला जागं करतो. कॅमेऱ्याला सलग, स्वच्छ वीज मिळते. रिलेच टरटरायला लागला, तर ८६ च्या वाटेत १एन४००७ डायोड घाला, त्याची पट्टीची बाजू रिलेकडे, आणि ८६ व ८५ मध्ये १००० मायक्रोफॅराड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. त्याचं निगेटिव्ह टोक ८५ कडेच हवं, उलट लावलेला कपॅसिटर फुटू शकतो.

कोन आणि रेषा

चित्राच्या तळाशी बंपरची कड बारीकशी दिसेल इतका कॅमेरा खाली झुकवा. बंपर दिसत नसेल तर मागची वस्तू नेमकी किती जवळ आली हे कळत नाही, आणि अर्धं चित्र आकाशाने भरलं असेल तर कॅमेरा फार वर आहे. १७० अंशांचा कॅमेरा बाजूंचं पुष्कळ दाखवतो खरा, पण वस्तू आहेत त्यापेक्षा लांब वाटतात, म्हणून रेषा स्वतः मोजून बघा. बंपरपासून अर्धा, एक आणि दोन मीटरवर पुठ्ठ्याच्या पेट्या किंवा पाण्याच्या बाटल्या ठेवा आणि लाल, पिवळी, हिरवी रेष कुठे पडते ते नोंदवा. स्टिरिओत रेषा सरकवता येत असतील तर जुळवा. नसतील तर तुमच्या गाडीत लाल रेष म्हणजे किती अंतर हे पाठ करा. या रेषा सपाट जमिनीसाठी आखलेल्या असतात. मागे चढ असेल तर वस्तू खरी असते त्यापेक्षा दूर भासते. मागे उभ्या ट्रकची जमिनीपासून उंच, बाहेर आलेली फळी तर रेषेच्या कितीतरी पलीकडे दिसते आणि प्रत्यक्षात डिकीच्या काचेला टेकायला आलेली असते.

काही बिघडलं तर

रिव्हर्स टाकूनही स्क्रीन बदलत नसेल, तर दोष इशाऱ्यात आहे. स्टिरिओपाशी आलेल्या लाल वायरवर १२ व्होल्ट आहेत का मोजा. नसतील तर मागचा जोड किंवा फ्यूज बघा. असतील तर सेटिंग.

स्क्रीन बदलते पण काळी-निळी राहते किंवा ‘नो सिग्नल’ येतं, तर इशारा ठीक आहे. चित्र किंवा कॅमेऱ्याची वीज गेली आहे. कॅमेऱ्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. तिथे वीज असेल तर दुसरी आरसीए केबल बाहेरून टाकून बघा, म्हणजे केबल दोषी की कॅमेरा ते लगेच ठरतं.

चित्र काळं-पांढरं येतं, वर-खाली धावतं किंवा तिरक्या रेषांत तुटतं, तर एनटीएससी-पाल किंवा एएचडीची गफलत.

इंजिन बंद असताना चित्र स्वच्छ आणि चालू केल्यावर त्यात आडवे पट्टे सरकत असतील, तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या जनित्राचा) गोंगाट शिरतो आहे. आधी अर्थचा बोल्ट पुन्हा घासा, मग केबल पॉवरच्या वायरींपासून लांब सरकवा. त्याने न गेल्यास कॅमेऱ्याच्या विजेवर नॉइज फिल्टर घाला. ही तपासणी इंजिन चालू ठेवून करावी लागते, म्हणून मोकळ्या जागी, पाय ब्रेकवर ठेवून आणि मागे कोणी नाही हे उतरून बघूनच करा. पॅनल बंद करण्याआधीच ती उरकलेली बरी.

पावसानंतर चित्र जातं आणि ऊन पडलं की परत येतं, तर कुठला तरी जोड भिजतो आहे. बहुतेक वेळा तो कॅमेऱ्याचा बाहेर राहिलेला प्लग असतो. लेन्सच्या आतून धुकं धरत असेल तर मात्र कॅमेऱ्याचं सील गेलं, तो बदलायचा. बाहेरून नुसता चिखल किंवा धूळ असेल तर ओल्या मऊ कापडाने टिपून घ्या. कोरडं घासलं की लेन्सवर कायमचे चरे पडतात आणि रात्री मागच्या गाडीचा दिवा पडला की त्या चऱ्यांवर प्रकाश फाकून समोरचं काहीच दिसत नाही.